हाताळून घेणारं जनावर

माझे हात स्वस्थ बसत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. ऑफिसची बस सकाळी चौबे कॉलोनीच्या वळणावरून मला उचलते आणि नव्या रायपूरला पोचवायला पाऊण तास घेते. त्या पाऊण तासात मी मटार सोलते, मेथी निवडते, विणते. काहीच नसलं तर पर्सची चेन उघडते आणि लावते. शेजारी बसलेली बाई दोन थांबे सोसते आणि मग मागे जाऊन बसते. राजधानीसाठी रस्ते बांधले तेव्हा ते इतके रुंद आणि इतके रिकामे बांधले, की खिडकीबाहेर बघून मन रमावं असं काही नाही. एवढा सरळ रस्ता पाहिला की माझ्या बोटांना मुंग्या येतात.

वेगळं राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. एकच. चेहरा तिने बापाचा घेतला, हात माझे. लहानपणी ती उशीच्या अभ्र्याचे धागे ओढून ओढून त्याची जाळी करायची. शिकली, पुण्याला नोकरीला गेली, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत एक सूटकेस घेऊन परत आली. काय झालं ते तिने सांगितलं नाही. कामावरून काढलं नव्हतं, लग्नाबिग्नाचंही काही नव्हतं. तिथे एक दिवस तिला खोलीतून बाहेर पडता येईना, एवढंच तिच्या मैत्रिणीने फोनवर सांगितलं. रायपूरला आल्यावर तिने इथल्या खोलीचं दार लावून घेतलं. आणि तिच्या हातांनी आता धाग्यांच्या ऐवजी स्वतःची कातडी धरली होती. नखांच्या कडेची कातडी ती ओढून काढायची, रक्त येईपर्यंत. दहाही बोटं. पोळीचा तुकडा मोडताना तिच्या ताटाला लाल डाग लागायचे.

डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या आपलं काम करतील, पण हातांना दुसरं काहीतरी द्या. मी दिलं. विणायच्या सुया दिल्या, कणकेचा गोळा दिला, माळ दिली, मटारसुद्धा दिले. ती सगळं बाजूला ठेवायची. मग मी माझ्या पद्धतीने सुरू झाले. तिचा हात बोटांकडे गेला रे गेला की मी वरून फटका मारायची. "नको खाऊ बोटं." दिवसातून वीस वेळा, पंचवीस वेळा. ती झोपल्यावरही पाहून यायची. तिने पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला सुरुवात केली आणि हात बाह्यांत ओढून घेतले. पुढे पुढे मी जवळ गेले, की ती एक पाऊल मागे सरकायची. माझ्या हाताच्या टप्प्याबाहेर, बरोबर तेवढंच.

ते एक पाऊल मला फार लागलं. इतकं कुणाच्या बोलण्याने लागलं नव्हतं.

नवरा सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात शिफ्टवर. तो घरी येतो तेव्हा कानाच्या पाळीमागेही काळी धूळ असते. माणूस मोजकं बोलतो. तो म्हणायचा, "राहू दे न तिले. काहून सारखी मागं लागून राहिली?" मी म्हणायची, "तुमाले काय, तुमी आठ तास तिकडं राहता." तो आंघोळीला जायचा. आमची भांडणं अशीच संपतात, मोरीच्या दाराशी.

एका रविवारी जेवताना ती आपणहून बोलली. पंधरा दिवसांतलं पहिलं पूर्ण वाक्य होतं ते. म्हणाली, "मुझे एक सांप चाहिए."

आमच्याकडे घरात साप म्हणतसुद्धा नाहीत, जनावर म्हणतात. माझ्या हातातून वरणाची पळी पडली. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. ती मान खाली घालून ऐकत राहिली, आणि मग हळू सांगू लागली. पुण्याला फ्लॅटमधल्या एका मुलीकडे होता. विषारी नाही. तो हातावर असला की हातांना दुसरं काही आठवायचं नाही. त्याला घाई चालत नाही, म्हणून आपलीही घाई निघून जाते. हे ती हिंदीतून सांगत होती, कारण आमच्या घरात मी मराठीत बोलते आणि ती हिंदीत उत्तर देते, आणि दोघींना त्यात काही वावगं वाटत नाही. सांगताना तिने हात बाह्यांतून बाहेर काढले. तळवे वर केले, बोटं थोडी पसरली, आणि तो कसा धरतात ते दाखवू लागली. दोन मिनिटं, तीन मिनिटं. बोटं एकमेकांना लागली नाहीत.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पाहू."

मी सरकारी नोकर. आपल्याकडचं कोणतंही जनावर घरात ठेवणं गुन्हा आहे, एवढं मला ठाऊक होतं. धामण नाही, अजगर नाही, काही नाही. परदेशी जातीचं चालतं, पण कागद लागतो, आणि त्याची नोंद करावी लागते. तसा एक माणूस लेकीने शोधून काढला. ब्राह्मणपाऱ्यात, देवळाच्या मागच्या गल्लीत. त्याचा धंदा दातांच्या कवळ्या करायचा. खाली दुकानात प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, आणि वरच्या खोलीत, एसी लावून, तीस-पस्तीस पेट्यांत ही मंडळी. पन्नाशीचा, जाड भिंगाचा चष्मा, बोटं कायम पांढरी. जिन्यात चपला काढायला लावायचा आणि वर गेल्यावर साबणाने हात धुवायला लावायचा, देवळात शिरल्यासारखं.

मी म्हटलं, "हमको ऐसा दिखाओ जो रोज हाथ में लेने देगा. काटनेवाला नहीं चाहिए."

"काटता तो बच्चा भी है, दीदी," तो म्हणाला. "पहले बैठो."

पहिल्या दिवशी मी माझ्या स्वभावाप्रमाणे सगळ्यात देखणं बघून बोट दाखवलं. केशरी रंगाचं, लालबुंद ठिपक्यांचं, करंगळीएवढं जाड. त्याने ते लेकीच्या हातावर दिलं. ते एका बोटातून दुसऱ्या बोटात, तिथून मनगटावर, तिथून बाहीत. सारखं पुढे पुढे. ते काही चिडलं नव्हतं, पण त्याला थांबणं माहीतच नव्हतं. लेकीचे हात त्याच्या मागे पळत होते. तो म्हणाला, हे गुणी आहे, हातात घेतलेलं सोसतं, पण ज्याला नुसतं बघायचं आहे त्याच्यासाठी. हिच्या हातांना आणखी पळवायचं आहे का? ते माझंच भावंड दिसत होतं.

दुसऱ्या खेपेला त्याने एक काळं-पांढरं पट्ट्यांचं दाखवलं आणि लगेच परत ठेवलं. त्याला बोट आणि उंदीर यातला फरक कळत नाही, म्हणाला. मग सगळी समजूत दिली. पिल्लू घ्यायचं नाही, पिल्लू सगळ्यालाच घाबरतं. दोन-तीन वर्षांचं घ्यायचं, ज्याला माणसाच्या हाताची सवय झालेली आहे. आपल्यासमोर खाऊन दाखवील तेच घ्यायचं. हातावर दहा मिनिटं ठेवून बघायचं, मान इंग्रजी एससारखी मागे घेतं का, जोरात श्वास टाकतं का, घाण करतं का. जीभ सावकाश आतबाहेर होत असेल तर ठीक. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. कात टाकायच्या आधी डोळे निळसर होतात, तेव्हा तर मुळीच नाही, त्याला धड दिसत नसतं. आणि हात कधी वरून न्यायचा नाही.

"ऊपर से हाथ आया मतलब चील आई," तो म्हणाला. "नीचे से जाओ. बाजू से. और रुको."

मी विचारलं, "और प्यार करने लगता है क्या, बाद में?"

त्याने चष्मा पुसला. "नहीं दीदी. सांप प्यार नहीं करता. बर्दाश्त करता है. वो भी बहुत बड़ी चीज है."

मला राग आला. खाऊ घालायचं, गरम-थंड बघायचं, आणि त्याने आपल्याला नुसतं सोसायचं? मी लेकीला जिन्यातच म्हटलं, "कुत्रं घे ना त्यापेक्षा. निदान शेपटी तरी हलवते." ती म्हणाली, "इसीलिए तो नहीं चाहिए." तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलं नाही.

तिसऱ्या खेपेला मिळाली. मादी होती, तीन वर्षांची, आफ्रिकेकडच्या जातीचा बुटका अजगर. रंग असा, की चहाच्या चोथ्यावर कोणी ताकाचे शिंतोडे उडवले असावेत. मला आवडली नाही. आधीच्या मालकाची बदली झाली म्हणून परत आलेली. लेकीच्या हातावर दिली तर तिने आधी डोकं अंगाखाली घालून स्वतःचा गोळा केला. लेक थांबली. दहा मिनिटं झाली असतील, माझे तर हात खाजू लागले होते. मग गोळा सैल झाला, एक चपटं डोकं बाहेर आलं, जीभ दोनदा लवलवली, आणि ती लेकीच्या मनगटाला एक वेढा घालून तिथेच थांबली. पुढे नाही, मागे नाही. लेकीने श्वास सोडला तो मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला.

कवळीवाला हळूच म्हणाला, "हव. येही है."

कागद मी तीनदा वाचला, फाईल केली, टॅग लावला. लेकीने तिचं एक नाव ठेवलं. ते मी इथे लिहीत नाही, तिला आवडणार नाही.

पुढचे तीन महिने माझ्या घरात जे झालं ते मी कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. संध्याकाळी अर्धा तास ती जनावर घेऊन बसायची, पलंगाला पाठ टेकून. त्या अर्ध्या तासाचा पुढे एक तास झाला. मग दार उघडं राहू लागलं. बोटांवर खपल्या धरल्या, खपल्या पडल्या, खाली गुलाबी कातडी आली. एक दिवस तिने अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घातला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि कांद्यावर ढकललं. जवळ मात्र ती अजून येऊ देत नव्हती. मी दारातून बघायची, आणि जनावराचा चक्क हेवा करायची. जनावराला मी कधी हात लावला नाही. भीती होती ती आता उरली नव्हती, पण माझ्याच्याने स्थिर बसवत नाही हे मला माहीत होतं.

बातमी कॉलोनीत फुटली ती कामवालीच्या तोंडून. समोरच्या वहिनी अमरावतीच्या, आमच्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवाच्या पुढारी. त्यांनी मला गच्चीवर गाठलं. मी वाळत घातलेल्या चादरींवरची काळी धूळ झटकत होते. "बाई, घरात जनावर पाळून राहिली म्हणते तुमी? आमच्या घरी लहान लेकरं हायेत." मी कागद दाखवला. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "पोट्टीचं डोकं आधीच ठिकाणावर नाई, अन् तुमी तिले जनावर आणून देल्लं." चार दिवसांनी कळलं की कॉलोनीच्या समितीकडे अर्ज जाणार आहे. येत्या बैठकीत ठेवायचा, त्याआधी सह्या गोळा करायच्या. नवरा म्हणाला, कागद आहे, घाबरायचं काय. पण मी तीस वर्षं ऑफिसात काढली आहेत. वीस सह्यांच्या अर्जापुढे बरोबर कागदाचं काय होतं ते मला ठाऊक आहे.

आणि बैठकीच्या आधी तीन दिवस नागपंचमी होती.

कल्पना मला बसमध्ये सुचली, मटार सोलता सोलता, आणि मी स्वतःवर इतकी खूश झाले की दोन शेंगा सालासकट डब्यात टाकल्या. दर वर्षी आम्ही पाटावर चंदनाने नाग काढतो, लाह्या-दूध ठेवतो, त्या दिवशी चिरत नाही, तवा चढवत नाही. यंदा बायकांना माझ्याकडेच बोलवायचं. प्रत्यक्ष दर्शन. ज्या हाताने जिवंत नागाला हळदकुंकू वाहिलं, त्या हाताने त्याला घराबाहेर काढायच्या अर्जावर सही कोण करेल? समोरच्या वहिनी तर मुळीच नाही, त्या फार सोवळ्या. मी फोन केले. सगळ्या आल्या. वर्षभर माझ्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. लेक परत आल्यापासून मीच कुणाला बोलावलं नव्हतं, प्रश्न नकोत म्हणून. पाच बायका जरीच्या साड्या नेसून माझ्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

लेक घरी नव्हती. त्या दुपारी ती जनावराचं खाणं आणायला ब्राह्मणपाऱ्यात गेली होती. एकटी, स्कूटी घेऊन. परत आल्यापासून पहिल्यांदा एकटी बाहेर पडली होती. मी तिला बायकांचं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती, म्हणून सांगितलं नव्हतं.

पेटीवर तिने एक चिठ्ठी चिकटवली होती. "आंखें नीली हैं. दस दिन कोई हाथ नहीं लगाएगा." ऑफिसात कुणा कारकुनाने फाईलवर पेन्सिलीने लिहिलेली ओळही मी ओलांडत नाही. ही चिठ्ठी मी वाचली, बोटाने सोडवली आणि टेबलावर पालथी ठेवली.

काय झालं ते थोडक्यात सांगते. उदबत्त्या पेटल्या, घंटा वाजली. मी झाकण काढलं. जनावर फुटक्या माठाच्या खापराखाली होतं. समोरच्या वहिनींनी खापर उचललं. त्याने लगेच स्वतःचा गोळा केला, डोकं आत. पाच बायकांनी पाच चिमट्या हळद आणि पाच चिमट्या कुंकू त्या गोळ्यावर टाकलं. दूध वाटीतून ओतलं, कारण तोंड कुठे आहे ते दिसत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, दर्शन तर झालं पाहिजे, आणि एकीने वरून दोन्ही हात घालून त्याला उचलायला पाहिलं, नारळ उचलावा तसं. आतून जोरात फुस्स झालं. बायका मागे सरल्या, आणि हात जोडले. समोरच्या वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या म्हणाल्या, "काऊन हो, आधी नाई सांगतलं? आमी काय परके हावोत?" मला त्यांनी जवळ घेतलं. मीही घेऊ दिलं.

अर्ज आला नाही. माझा डाव शंभर टक्के साधला.

लेक आली तेव्हा शेवटची बाई चपला घालत होती. ती खोलीच्या दारात उभी राहिली. दूध, लाह्या, ओलं लाल-पिवळं कागदी अंथरूण. पालथी ठेवलेली चिठ्ठी तिने सुलटी केली. मी बोलायला लागले, अर्ज, सह्या, बैठक, मी हे तुझ्यासाठीच केलं. ती ऐकत नव्हती. ती टबमध्ये कोमट पाणी काढत होती. नळ बंद करून एवढंच म्हणाली, "तुमने पूछा भी नहीं, मम्मी." आणि दार लावलं. आतून कडी घातली.

कात एकसंध उतरली नाही. ओल्या फडक्याने तिने तिचे तुकडे आठवडाभर सोडवले. कुंकू खवल्यांच्या कडांत शिरलं होतं. डाव्या डोळ्यावरचा पापुद्रा तसाच राहिला. जनावराने खाणं सोडलं. आणि हात जवळ गेला की मान मागे घेऊन झेप घालू लागलं. लेकीला दोनदा चावलं. ते काही फार नसतं, खरचटल्याएवढं, पण त्याच आठवड्यात मी तिच्या ताटाला लाल डाग पाहिला आणि तो जनावराच्या दातांचा नव्हता. पूर्ण बाह्या परत आल्या. या खेपेला मी फटका मारला नाही. मारायला तोंड कुठे होतं?

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बसमध्ये शेंगांची पिशवी तशीच परत यायची. शेवटी ऑफिसातून अर्धी रजा टाकून मी एकटी ब्राह्मणपाऱ्यात गेले. कवळीवाला एक जबडा घासत होता. मी सगळं सांगितलं, चिठ्ठीसकट. त्याने घासणं थांबवलं नाही.

"दूध?" तो म्हणाला.

"हां."

"कुंकू?"

"हां."

"पढ़ी-लिखी हो आप." आणि जबडा घासतच राहिला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी चष्मा काढून म्हणाला, नव्याने शिकवावं लागेल तिला. रोज पंधरा मिनिटं पेटीच्या तळाशी हात ठेवायचा, तळवा वर. हलवायचा नाही. तिला शिवायचं नाही. ती येईल तेव्हा येईल. महिना लागेल, चार लागतील, कदाचित येणारही नाही. "और बिटिया का हाथ नहीं चलेगा. खुले घाव हैं. उसके लिए भी ठीक नहीं, इसके लिए भी."

नवऱ्याचे हात शिफ्टमध्ये, आणि कितीही धुतले तरी तेलाचा वास न जाणारे. उरलं कोण?

लेकीला मी हे दारातून सांगितलं. ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मीही बघितले. तेव्हासुद्धा ते पदराचा काठ गुंडाळत होते. ती पहिल्यांदा किंचित हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. म्हणाली, "तुमसे नहीं होगा."

"नाई होणार," मी म्हटलं. "पण करून पाहतो."

तिने वास नसलेला साबण दिला. मी ऑफिसातून आल्यावर कुकर लावायचा, हात धुवायचे, जमिनीवर बसायचं, हात पेटीत. ती पलंगावर मोबाइलमध्ये वेळ लावून. बोलायचंही नाही, हा नियम तिने आपला वाढवला. पहिल्या दिवशी चौथ्या मिनिटाला मी नाक खाजवलं. ती म्हणाली, "फिर से." वेळ पुन्हा शून्यावर. दुसऱ्या दिवशी सहाव्या मिनिटाला माझी बोटं आपोआप शेंग सोलल्यासारखी हलली. "फिर से." मला तिचा इतका संताप यायचा. जनावर खापराखाली, दिसतसुद्धा नव्हतं, आणि मी त्या रिकाम्या जागेपुढे हात पसरून बसलेली. पायाला मुंग्या येत, पाठ धरे. डोक्यात ऑफिसच्या फायली, उद्याचा डबा, गच्चीवरची चादर. पंधरा मिनिटं एवढी लांब असतात हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

एकविसाव्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण पंधरा मिनिटं झाली. लेकीने मोबाइल बंद केला.

मग हळूहळू मी त्या वेळात दुसऱ्या गोष्टी आठवू लागले. लेक बाहीत हात ओढून घेते तो क्षण. माझा हात दर वेळी कुठून जायचा ते. वरूनच. लाड करायला गेला तरी वरून, रागवायला गेला तरी वरून. ती लहान असल्यापासून मी तिला विचारून कधी हात लावला असेल असं मला एकदाही आठवेना. मला लाज वाटली. पेटीत हात घालून बसलेलं असताना लाज वाटली तर उठून दुसरं काम काढता येत नाही, तिथेच बसून ती वाटू द्यावी लागते.

दसरा गेला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात जनावराने खाल्लं. दिवाळी झाल्यावर कात टाकली, या खेपेला अखंड, डोक्यापासून शेपटीपर्यंत, आणि डाव्या डोळ्याचा जुना पापुद्रा तिच्याबरोबर निघाला. लेकीने ती कात वर्तमानपत्रावर पसरून मला दारातून हाक मारली. "मम्मी, देखो." मी लांबूनच पाहिली. फार जवळ गेले नाही.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी, कुकर लावून मी नेहमीसारखी बसले होते. दहावं मिनिट असेल. खापराखालून डोकं आलं. तळव्याला काहीतरी लागलं, ओलसर, इतकं हलकं की लागलं की नाही कळेना. ती जीभ होती. मग ती तळव्यावरून मनगटावर आली आणि वर चढू लागली. अंगाने गार नव्हती, मला वाटत होतं गार असेल. वजनदार होती. कोपरापर्यंत येऊन तिने एक वेढा घातला आणि थांबली. ती चढताना माझा हात नकळत पेटीतून अर्धा वर आला होता, तसाच अधांतरी राहिला. वेळेचा गजर झाला, लेकीने तो बंद केला. ती उतरेना. माझा दंड भरून आला, मग थरथरू लागला. मी ओठ न हलवता म्हटलं, "हात कापून राहिला माझा."

"हिलना मत," लेक म्हणाली.

पलंग करकरला. ती उठून माझ्या बाजूला येऊन बसली, टप्प्याच्या आत. थोडी थांबली. मग तिने आपला तळवा माझ्या कोपराखाली, खालून लावला, आणि वजन घेतलं. थरथर थांबली. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या, मग वरण लागल्याचा वास यायला लागला. दोघींनाही आला. उठलं कोणी नाही.

तिची बोटं माझ्या कातडीला लागत होती. ती आता कशी आहेत ते बघायला मला मान वळवावी लागली असती. मी मान वळवली नाही.